एक, एक, चार

टीपॉयवर पाच रिमोट ओळीनं मांडून ठेवले होते. तीन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेले, एकाचं सेलचं झाकण हरवलेलं म्हणून मागं चिकटपट्टी, आणि पाचवा कोरा करकरीत. तो मुलानं अमेरिकेहून येताना आणला होता. युनिव्हर्सल रिमोट. सोबतच्या पुस्तिकेत कंपन्यांच्या नावांचे रकानेच्या रकाने होते, पण आजोबांचा टीव्ही ओनिडाचा आणि ओनिडाचं नाव त्या यादीत नव्हतं. सुट्टीतले दोन दिवस खटपट करून मुलगा परत गेला होता.

"या पाचांचा एक करून दे," आजोबा म्हणाले. पोस्टातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. "मला संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या पाहिजेत. बाकी काही नको."

सदाशिव पेठेतलं ते घर, २०१३ चा मे महिना. पुण्यात केबल डिजिटल करायची मुदत त्याच वर्षी ३१ मार्चला संपली होती. तोवर भिंतीतून आलेली वायर थेट टीव्हीच्या पाठीत जाई आणि एका रिमोटवर घर चाले. सेट टॉप बॉक्स आला आणि त्याच्यासोबत दुसरा रिमोट आला. चॅनल बॉक्सवर बदलायचं, आवाज टीव्हीवर वाढवायचा. पण आवाजाचं बटण बॉक्सच्या रिमोटवरही असतं, त्यामुळं एकीकडे आवाज तळाला आणि दुसरीकडे टोकाला अशी स्थिती घरोघर. नातवानं चुकून इनपुट बदलला की पडद्यावर 'नो सिग्नल', आणि मग मेकॅनिकला फोन. त्या दोन-तीन महिन्यांत मी टीव्ही उघडले फार थोडे. बहुतेक घरांत मला बोलावलं ते रिमोटसाठी.

रिमोटशी माझी ओळख मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे. साताऱ्यात वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पहिला रिमोट दुरुस्तीला आला तेव्हा तो तपासायचा कसा, हे वडिलांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी मिडियम वेव्हवर रेडिओ लावला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणला, रिमोट रेडिओला चिकटवून बटण दाबलं आणि कान लावला. टर्र, टर्र, टर्र असा आवाज आला. "जिवंत आहे," ते म्हणाले. "दिवा गेला असेल." पुढचा एलईडी बदलला आणि रिमोट चालू झाला.

हे असं का होतं, ते मला फार पुढं कळलं. त्या काळच्या बहुतेक रिमोटांच्या पोटात ४५५ किलोहर्ट्झचा एक छोटा सिरॅमिक रेझोनेटर असे. आम्ही मेकॅनिक त्याला क्रिस्टलच म्हणतो. त्या ४५५ ला बारानं भागलं की जवळपास ३८ येतात, आणि रिमोटमधला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो. उन्हाच्या, बल्बच्या प्रकाशाच्या गर्दीत टीव्हीला आपला प्रकाश वेगळा ओळखता यावा म्हणून ही लुकलुक. आणि ४५५ म्हणजे तर रेडिओच्या आयएफचा, मधल्या फ्रिक्वेन्सीचा आकडा! वडिलांनी आयुष्यभर ज्या आकड्यावर आयएफ ट्रान्सफॉर्मरचे कोअर फिरवले, तोच या नव्या वस्तूच्या पोटात बसला होता. रिमोट खाली पडून मेला की आधी क्रिस्टल बदलून बघायचा, हेही त्यांनी स्वतःच शोधून काढलं. हा नाजूक भाग आपटल्यावर खरोखरच तडकतो.

युनिव्हर्सल रिमोटचं काम दोन तऱ्हांनी होतं. एक, कोड मारायचा. सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, कंपनीचा तीन किंवा चार आकडी कोड द्यायचा, आवाज वाढतोय का बघायचं. नाही वाढला तर पुढचा कोड. यादीत कंपनी नसेल तर रिमोटलाच एकामागून एक कोड पाठवत राहायला सांगायचं आणि टीव्ही बंद झाला की त्या क्षणी हात उचलायचा. हात उचलायला अर्धा सेकंद उशीर झाला तर कोड पुढं निघून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसरी तऱ्हा शिकवायची. जुना रिमोट आणि नवा रिमोट टेबलावर समोरासमोर, डोक्याला डोकं लावून ठेवायचे, मध्ये दोन बोटांचं अंतर. नव्यावरचं बटण दाबायचं, मग जुन्यावरचं. नव्याचा दिवा लुकलुकला की ते बटण शिकलं. ट्यूबलाइटखाली हे करू नये. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब आणि सीएफएल या कामात नको तेवढी लुडबुड करतात. मी आधी दिवे घालवतो आणि खिडकीचा पडदा ओढतो.

आजोबांचं काम मी दुसऱ्या तऱ्हेनं केलं. तपकीर गल्लीतून एक लर्निंग रिमोट आणला. ओनिडाच्या रिमोटवरून पॉवर आणि आवाज, बॉक्सच्या रिमोटवरून आकडे आणि चॅनलची वर-खाली बटणं. चाळीस मिनिटांत झालं. सगळी बटणं एकदा दाबून पाहिली, सगळी चालली. चहा घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांचा फोन. "सातच्या बातम्या चुकल्या. सह्याद्री लागत नाही."

त्यांच्या केबलवर सह्याद्री वाहिनी ११४ वर होती. मी जाऊन पाहिलं. एक दाबलं, पुन्हा एक दाबलं, चार दाबलं. पडद्यावर आलं १४. पुन्हा केलं, पुन्हा १४. बटण घासलं गेलं असेल म्हणून जोरात दाबलं. १४. मग पहिला एक दाबून जरा थांबलो आणि दुसरा दाबला. तेवढ्या वेळात बॉक्सनं चॅनल १ लावून टाकलं होतं. बॉक्सच्या मूळ रिमोटवर ११४ बिनदिक्कत लागत होतं. नव्यावर १२४ लागत होतं, १३४ लागत होतं. फक्त लागोपाठ दोनदा तोच आकडा आला की दुसरा गायब.

मी रिमोट बदलून दिला. दुसऱ्या रिमोटवर तेच. तिसऱ्यावर तेच. आजोबा एकदाही रागावले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "तुझ्याकडून होत नसेल तर राहू दे, मी दोन रिमोट वापरेन," असं ते म्हणाले तेव्हा मी पैसे घ्यायचं नाकारलं आणि बॉक्सचा मूळ रिमोट दोन दिवसांसाठी मागून घेतला.

घरी माझ्याकडे एक अर्डुइनो होता, म्हणजे संगणकाला जोडून हवं ते करून घेता येणारा छोटा बोर्ड. त्याला रिमोटचा प्रकाश ओळखणारा तीन पायांचा टीएसओपी १७३८ सेन्सर जोडला. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या डब्यात तो असतोच. मूळ रिमोटचं १ दाबलं. संगणकावर एक आकडा उमटला. पुन्हा १ दाबलं. दुसराच आकडा! तिसऱ्यांदा दाबलं तर पहिला आकडा परत आला. चौथ्यांदा दुसरा. एकाच बटणाचे दोन आकडे, एकाआड एक, आणि दोघांत फरक फक्त एका बिटाचा.

ती फिलिप्सनं काढलेली आरसी-५ पद्धत होती. तिच्या चौदा बिटांत एक बिट असा असतो, जो बटण नव्यानं दाबलं की उलटतो आणि दाबून धरलं तर तसाच राहतो. बटण धरून ठेवलंय की सोडून परत दाबलंय, हे समोरच्या यंत्राला त्या बिटावरून कळतं. लर्निंग रिमोटला यातलं काही ठाऊक नसतं. प्रकाश किती वेळ होता, अंधार किती वेळ होता, एवढंच तो मोजतो, जपून ठेवतो आणि जसंच्या तसं परत म्हणतो. मी त्याला १ शिकवला तेव्हा तो बिट ज्या बाजूला होता त्याच बाजूला कायमचा गोठला. मग आजोबांनी दोनदा १ दाबलं तरी बॉक्सला वाटे, अंगठा अजून उचललेलाच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदानं. उत्तर त्या दोन आकड्यांतच होतं. नव्या रिमोटवर एक लाल बटण रिकामं होतं. १ च्या बटणाला मूळ रिमोटवरचं १ शिकवायचं आणि लाल बटणालाही १ च शिकवायचं, पण पुढच्या दाबाचं, म्हणजे उलटलेल्या बिटाचं. मधे चुकून एकदा जास्त दाबलं गेलं तर दोन्ही बटणांत एकच बिट बसे आणि सगळं फुकट जाई. मी तोंडानं मोजत बसलो: एक पहिल्याला, दोन दुसऱ्याला. मग दाबून पाहिलं: १, लाल, ४. अर्डुइनोवर तिन्ही आकडे वेगवेगळे उमटले.

सकाळी आजोबांना लाल बटण दाखवलं. कारण समजावून सांगितलं, कारण ते विचारल्याशिवाय राहणारे नव्हते. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे रजिस्टरच्या पावतीसारखं. एकाच पत्त्यावर दोन पत्रं गेली तरी नंबर वेगळा हवा, नाहीतर दुसरं पोचलंच नाही असं होईल." मी त्यानंतर ही गोष्ट कितीतरी जणांना समजावली आणि प्रत्येक वेळी याच शब्दांत.

तेव्हापासून मी कामाची पद्धत बदलली. बटणं चालतात का, हे पाहून मी निघून येत होतो. आजोबा रोज संध्याकाळी कुठली तीन बटणं कुठल्या क्रमानं दाबतात, हे मी विचारलंच नव्हतं. आता घरात शिरलो की पिशवी उघडायच्या आधी विचारतो: तुम्ही काय बघता, किती वाजता, आणि लावताना काय काय दाबता, ते मला करून दाखवा. लोक करून दाखवतात तेव्हा त्यांना स्वतःलाही माहीत नसलेलं बरंच काही दिसतं. कुणी पॉवर दोनदा दाबतं कारण पहिल्यांदा बॉक्स जागा होत नाही. कुणी चॅनलचा आकडा कधीच देत नाही, सत्तावीस वेळा वरचं बटण दाबत जातं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोथरूडच्या एका बाईंनी. शाळेत गणित शिकवायच्या. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. घरात एकट्या. त्यांना रिमोटचा त्रास नव्हता. पाचाच्या आकड्यावर जो बारीक उंचवटा असतो, त्यावर अंगठा ठेवून त्या बाकीचं सगळं मापानं शोधत. त्रास वेगळा होता. टीव्ही गप्प असला की तो बंद आहे, की चालू आहे पण आवाज बंद आहे, की इनपुट बदललाय, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पॉवरचं बटण एकच: बंद असेल तर चालू करतं, चालू असेल तर बंद. "मी काय केलं ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला एक असं बटण दे की जे फक्त चालू करेल. आधीच चालू असेल तर काही करणार नाही."

असं बटण त्यांच्या रिमोटवर नव्हतं. पण टीव्हीच्या आत ते असू शकतं, हे मला ठाऊक होतं. त्यांचा टीव्ही एनईसी पद्धतीचा. त्यात आधी ९ मिलिसेकंदांचा सलग प्रकाश, मग साडेचार मिलिसेकंद अंधार, आणि मागून ३२ बिट: आठ यंत्राचा पत्ता, आठ त्याचाच उलटा, आठ बटणाचा क्रमांक, आठ त्याचा उलटा. उलटा पाठवायचा तो पडताळ्यासाठी. बटणाला आठ बिट म्हणजे २५६ क्रमांक, आणि रिमोटवर बटणं चाळीस-पंचेचाळीस. उरलेल्या दोनशेंपैकी काही क्रमांक टीव्हीला समजतात. कारखान्यात तपासणीसाठी किंवा हॉटेलांच्या सोयीसाठी ते ठेवलेले असतात, फक्त गिऱ्हाइकाच्या रिमोटवर त्यांचं बटण नसतं.

मी अर्डुइनोला एक एलईडी लावला आणि बाईंच्या टीव्हीसमोर बसलो. शून्यापासून एकेक क्रमांक पाठवायचा, काय झालं ते वहीत लिहायचं. यात धोका असतो. एखादा क्रमांक सर्व्हिस मेनू उघडतो आणि तिथं नको ते बदललं तर चित्रच जातं. म्हणून काहीही अनोळखी उघडलं की थेट वायर काढायची, असं मी ठरवलं होतं. दोनदा काढावी लागली. बाई शेजारी बसून क्रमांक मोठ्यानं म्हणत होत्या, बिनचूक. शंभर ओलांडल्यावर एक क्रमांक असा आला की बंद टीव्ही चालू झाला. परत पाठवला, टीव्ही चालूच राहिला. मी तिसऱ्यांदा पाठवला. काहीही झालं नाही, आणि तेच आम्हाला हवं होतं! पुढं फक्त बंद करणारा सापडला, आणि बॉक्सच्या एचडीएमआयवर थेट नेणाराही. मग अर्डुइनोचा एलईडी आणि लर्निंग रिमोट समोरासमोर ठेवले आणि ते तीन क्रमांक तीन बटणांना शिकवले.

बाईंनी रिमोट हातात घेतला आणि मला दिवा बंद करायला सांगितलं. त्यांना दिव्याचा काय फरक पडणार, असं वाटून मी थबकलो. "तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "तू अंधारात वापरून बघ. तुला न बघता जमलं तर मला जमेल." मी तीनदा चुकलो. चालूचं बटण आवाजाच्या बटणाला फार जवळ होतं. ते हलवून वरच्या कोपऱ्यात, एकट्या बटणावर नेलं. मग जमलं.

ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक, यानं ॲपलनंतर स्वतःची कंपनी काढून जे यंत्र केलं ते हेच, सगळ्या रिमोटांचा एक रिमोट. १९८७ साली तो रिमोट बाजारात आला. त्याची हकिगत मी वाचली तेव्हा नवल वाटलं नाही. या कामात शिरलेला माणूस सहज बाहेर पडत नाही.

२०२० च्या मार्चअखेर कोविडच्या टाळेबंदीत सगळं बंद झालं आणि २८ तारखेपासून दूरदर्शननं रामायण मालिका पुन्हा दाखवायला घेतली, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. माझा फोन वाजत राहिला. घरी जाता येत नव्हतं. साताऱ्याच्या एका काकूंना मी फोनवरून रिमोट शिकवायला बसलो. त्यांच्या डीटीएचच्या रिमोटवर खाली टीव्हीसाठी चार बटणांची वेगळी चौकट होती, शिकणारी. ती आजवर कुणी वापरलीच नव्हती. टीव्हीचा रिमोट अधूनमधून चाले. तो प्रकाश टाकतो की नाही हे आधी बघायला हवं होतं. मी म्हटलं, "काकू, मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा लावा आणि रिमोटचं नाक त्याच्यासमोर धरून बटण दाबा." मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश बऱ्याचदा गाळला जातो, पुढच्यात दिसतो. पलीकडं शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगोबाई, जांभळा दिवा आहे की आत!" पुढचं सगळं सोपं गेलं. रात्री नऊला त्यांचा पुन्हा फोन आला, त्यांनी फक्त टीव्हीचा आवाज मला ऐकवला.

अलीकडं हे काम कमी होत चाललंय. नव्या टीव्हींचे आवाजी रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांची बटणं लर्निंग रिमोटसमोर धरली तर तो काहीच शिकत नाही, कारण प्रकाश बाहेर पडतच नाही. बहुधा पॉवरचं एक बटण तेवढं जुन्या वाटेनं बोलतं. एचडीएमआयच्या वायरीतूनच यंत्रं एकमेकांना जागी करतात, आणि तरुण घरांत ते छान चालतं. पण रिमोटवरून आकडेच काढून टाकलेत, पाचावरचा उंचवटाही त्यांच्याबरोबर गेला. हे मला मनापासून खटकतं. बोलून चॅनल लावता येतं हे खरं, पण पहाटे चारला जाग येणाऱ्या आणि शेजारी कुणी झोपलेलं असणाऱ्या माणसानं बोलायचं कसं? एखाद्याचा बोलण्याचा स्पष्टपणा पक्षाघातानं गेला असेल तर? अशा घरांत मी टीव्हीला जुन्या रिमोटचा प्रकाश ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर आहे का ते शोधतो. बहुतेक टीव्हींना तो अजून आहे. मग आकडे असलेला साधा रिमोट त्या कामाला लावतो.

गेल्या महिन्यात वारज्याच्या एका घरी गेलो होतो. सून आणि मुलगा कामावर, घरात आजी. नवा मोठा टीव्ही आणि त्याचा बोटभर रिमोट, सहा-सात बटणांचा. त्यांना मी आणलेला रिमोट शिकवून झाला होता. मी नेहमीसारखं विचारलं, "आजी, दिवा घालवू का?" त्यांना वाटलं वीज वाचवतोय. घालव म्हणाल्या. खोलीत पूर्ण अंधार झाला. त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला, मग अंगठा रबरावरून फिरल्याचा, उंचवट्यापाशी थांबल्याचा. वर, डावीकडं. एक. एक. मी श्वास धरून होतो. चार.